वसंतराव नाईक, परभणीचे विद्यापीठ आणि यशाचे माप

महाराष्ट्रात १ जुलै हा दिवस कृषिदिन म्हणून पाळला जातो. परभणीत या दिवसाला आणखी एक संदर्भ आहे. शहरालगतच्या काळ्याभोर जमिनीवर विस्तारलेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाला २०१३ साली वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. ते वर्ष नाईकांच्या जन्मशताब्दीचे होते. ज्या मुख्यमंत्र्यांच्या कारकिर्दीत हे विद्यापीठ जन्माला आले, त्यांचेच नाव त्याच्या प्रवेशद्वारावर झळकावे, यात औचित्य आहे. मात्र नाव देणे सोपे असते. त्या नावामागची अपेक्षा पुरी झाली की नाही, हे ठरवणे अवघड असते.

विद्यापीठांची प्रतवारी लावण्याचा हा काळ आहे. कोणते विद्यापीठ कितव्या क्रमांकावर, कोणत्या विभागाचा निकाल किती टक्के, एका शिक्षकामागे विद्यार्थी किती, अशी कोष्टके दरवर्षी प्रसिद्ध होतात. या कोष्टकांत परभणीचे विद्यापीठ कोठे बसते हे पाहण्याआधी ते कशासाठी उभारले गेले, हे समजून घ्यायला हवे. त्यासाठी वसंतरावांच्या आयुष्याचा धांडोळा घेणे उपयुक्त ठरेल.

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यात गहुली नावाचा बंजारा समाजाचा तांडा आहे. तेथे १ जुलै १९१३ रोजी फुलसिंग आणि होनूबाई या दाम्पत्याच्या पोटी वसंतरावांचा जन्म झाला. बंजारा समाज पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा. रेल्वे आली, तसा त्यांचा व्यापार बुडाला. भटकंती सोडून जमीन कसायला घेणाऱ्या कुटुंबांपैकी नाईकांचे घराणे एक होते. आजोबा चतुरसिंग यांनी गहुली वसवली आणि तांड्याचे नाईकपण घरात असल्याने तेच पुढे आडनाव झाले. शेती हा या घराचा पिढीजात व्यवसाय नव्हता. ती त्यांनी प्रयत्नाने आत्मसात केली होती. शेती शिकता येते आणि शिकवताही येते, हा वसंतरावांचा विश्वास पुढे त्यांच्या साऱ्या धोरणांत दिसतो. त्याची मुळे या घरात असावीत.

गहुलीत शाळा नव्हती. प्राथमिक शिक्षण आसपासच्या वेगवेगळ्या खेड्यांत, बरेचदा पायपीट करून झाले. पुढे अमरावती आणि नंतर नागपूर असा प्रवास करीत त्यांनी नील सिटी हायस्कूल आणि मॉरिस कॉलेजात शिक्षण घेतले. १९३८ साली ते पदवीधर झाले आणि १९४० साली कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. तांड्यावरच्या मुलाने वकील होणे ही त्या काळात अपूर्व गोष्ट होती. आजच्या भाषेत बोलायचे, तर शिक्षणाने एका माणसाच्या आयुष्यात किती भर घातली याचे ते ठळक उदाहरण होय. कोणत्याही निकालपत्रकात या भरीची नोंद नव्हती. परीक्षेचे गुण त्याला इतरांच्याच पंक्तीत बसवत होते. तो कोठून निघाला होता, हे त्यात दिसत नव्हते.

नागपूरच्या वास्तव्यात त्यांचा वत्सलाबाई घाटे यांच्याशी परिचय झाला आणि १९४१ साली दोघांनी विवाह केला. ब्राह्मण कुटुंबातील मुलगी आणि बंजारा समाजातील मुलगा यांचा हा विवाह दोन्हीकडच्या नातलगांना रुचणारा नव्हता. दोघांनी तो विरोध सोसला. अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याबरोबर काही काळ वकिली केल्यावर वसंतरावांनी पुसदला आपले बस्तान बसवले. पंजाबराव पुढे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्री होते. शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे आणि शिकलेल्याने शेतकऱ्याचे भले पाहावे, हा पंजाबरावांचा ध्यास होता. तरुण वकिलाला असा सहवास लाभणे महत्त्वाचे ठरले. वकिलीत त्यांच्याकडे येणारे बहुतेक पक्षकार गरीब शेतकरी आणि आदिवासी होते. सावकारी कर्ज, गहाण जमीन, बांधाचे तंटे यांतून त्यांना खेड्याचे अर्थकारण जवळून कळले.

१९४६ साली ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून जाऊन ते महसूल खात्याचे उपमंत्री बनले. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ व मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्या मंत्रिमंडळात वसंतरावांकडे प्रथम सहकार आणि नंतर कृषी खाते आले. मुंबईत त्यांना जो बंगला मिळाला, त्याचे मूळ इंग्रजी नाव बदलून त्यांनी ते ‘वर्षा’ असे ठेवले. पुढे ते मुख्यमंत्री झाले तरी याच बंगल्यात राहिले आणि कालांतराने ‘वर्षा’ हे मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाचे नावच झाले. मलबार हिलच्या बंगल्याला पावसाचे नाव द्यावेसे वाटणाऱ्या माणसाचे लक्ष कोठे असेल, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर महसूलमंत्री या नात्याने त्यांच्यावर एक मोठी कामगिरी सोपवण्यात आली. लोकशाही विकेंद्रीकरणासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. १९६१ साली या समितीने दिलेल्या अहवालात २२६ शिफारशी होत्या. त्यांच्या आधारे जिल्हा परिषदांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. जिल्ह्याच्या विकासाचा हिशेब मुंबईत बसून मांडण्याऐवजी तो जिल्ह्यातच मांडला जावा, हे या रचनेचे सूत्र होते. कृषी विद्यापीठांच्या बाबतीत घेतल्या गेलेल्या निर्णयाची दिशाही पुढे हीच राहिली.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर राहिले. इतका दीर्घ काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद आजवर दुसऱ्या कोणालाही लाभलेले नाही. हाती पाईप, बोलणे मृदू आणि राग आवरता घेतलेला, अशी त्यांची प्रतिमा जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. त्या शांत माणसाने १९६५ साली पुण्याच्या शनिवारवाड्यावरील सभेत एक विलक्षण घोषणा केली. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही, तर आपल्याला फाशी द्यावी, असे त्यांनी जाहीरपणे सांगून टाकले.

त्या घोषणेची पार्श्वभूमी ध्यानात घ्यायला हवी. देश परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला होता. राज्यात शिधापत्रिकेवरच्या धान्यासाठी रांगा लागत होत्या. १९६४ साली सीएसएच-१ हे ज्वारीचे देशातील पहिले संकरित वाण आले होते. त्याचा प्रसार करण्यासाठी वसंतरावांनी सारी यंत्रणा कामाला लावली. त्यांनी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना संकरित बियाण्याचे महत्त्व पटवले. खत, विहिरी, पंप यांसाठी कर्जाची व्यवस्था उभी केली.

आपल्याच कामाला मुदत आणि माप लावून देणारा राजकारणी विरळा असतो. वसंतरावांनी ते केले. काटेकोर हिशेब मांडला, तर ते माप पुरे झाले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. महाराष्ट्र धान्याच्या बाबतीत दीर्घकाळ तुटीचेच राज्य राहिले. मात्र संकरित ज्वारीने एकरी उत्पादनाची कल्पना बदलून टाकली, शेतकरी नव्या बियाण्याला सरावला आणि शेती म्हणजे प्रयोग करून पाहण्याची गोष्ट आहे, ही जाणीव रुजली. दोन वर्षांच्या मुदतीत हे फलित बसत नव्हते. वीस वर्षांच्या मुदतीत ते स्पष्ट दिसते. शिक्षणसंस्थांचे मूल्यमापन करणाऱ्यांनी या प्रसंगाचा जरूर विचार करावा.

संकरित ज्वारीने आणखी एक धडा दिला. खरिपातल्या या वाणाचे उत्पादन भरघोस होते, पण कणीस पक्व होताना पाऊस लागला की दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. भाकरीची चव पूर्वीसारखी नाही, ही गृहिणींची तक्रार होती. धाटे बुटकी असल्याने कडबा कमी मिळतो, ही बैलवाल्यांची तक्रार होती. रब्बी हंगामात मराठवाड्याचा आणि सोलापूरचा शेतकरी मालदांडीलाच धरून राहिला. एकरी क्विंटल हे एकच माप लावले, तर संकरित वाण निर्विवाद सरस ठरत होते. शेतकऱ्याच्या घरातले माप त्याहून मोठे होते. त्यात भाकरी, कडबा आणि बाजारभाव हे सारे धरलेले होते.

बाहेरून आणलेले बियाणे आणि सरकारी आदेश यांवर शेती फार काळ चालत नाही, हे या अनुभवातून स्पष्ट होत गेले. प्रत्येक भागाच्या मातीला आणि पावसाला अनुरूप संशोधन हवे होते आणि ते करणारी माणसे त्याच भागात घडायला हवी होती. कृषी विद्यापीठांची कल्पना येथे उपयोगी पडली. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने जमिनी देऊन स्थापन झालेल्या विद्यापीठांत अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छताखाली चालत. शिक्षकाने वर्गात शिकवावे, शेतावर प्रयोग करावा आणि त्याचा निष्कर्ष शेतकऱ्याच्या बांधापर्यंत पोहोचवावा, अशी ती योजना होती. भारतात या धर्तीवरील पहिले विद्यापीठ १९६० साली पंतनगरला सुरू झाले. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने प्रत्येक राज्यात किमान एक कृषी विद्यापीठ असावे, अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. महाविद्यालयांची त्यांच्या कामगिरीनुसार वर्गवारी करून अनुदान देताना ती विचारात घ्यावी, ही सूचनाही याच आयोगाच्या अहवालात आढळते. म्हणजे कृषी विद्यापीठे आणि शिक्षणसंस्थांचे मोजमाप हे दोन्ही विचार आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी आले.

आयोगाने किमान एक म्हटले होते. महाराष्ट्रात चार झाली. १९६८ साली राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे ठाणे राहुरीला पडले. हे विद्यापीठ आपल्याकडे व्हावे, यासाठी विदर्भात आधीपासून तीव्र आंदोलन पेटले होते आणि त्यात आंदोलकांना प्राणही गमवावे लागले होते. मुख्यमंत्री स्वतः विदर्भाचे, तरी विदर्भ त्यांच्यावर रुष्ट होता. १९६९ साली अकोल्याला दुसरे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबराव देशमुखांचे नाव मिळाले. त्यानंतर १८ मे १९७२ रोजी परभणी आणि दापोली येथे मराठवाडा व कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठे अस्तित्वात आली.

चार विद्यापीठे म्हणजे चार कुलगुरू, चार कुलसचिव, चार ग्रंथालये आणि चार ठिकाणी विभागलेले तज्ज्ञ. खर्चाच्या दृष्टीने ही उधळपट्टी आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो आणि तो अगदीच पोकळ नाही. एकच मोठे विद्यापीठ केले असते, तर प्रत्येक पदवीधरामागचा खर्च कदाचित कमी आला असता. पण कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मराठवाड्यात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. तेथील प्रश्न भाताचे आणि आंब्याचे, येथील ज्वारीचे, कापसाचे आणि तुरीचे. शिवाय जायकवाडी किंवा येलदरीच्या पाण्यापासून दूर असलेल्या जिंतूर वा गंगाखेडच्या शेतकऱ्याला राहुरी हे नावच परके होते. स्वस्त पडणारी संस्था आणि उपयोगी पडणारी संस्था या नेहमी एकच असतात असे नाही. चार विद्यापीठांच्या निर्णयामागे राजकीय दबाव होता हे खरे, पण शेतीचे शहाणपणही होते.

परभणीची निवड काही हवेतून झालेली नव्हती. निजामी अमदानीत या भागात गावरानी कापसावर काम झालेले होते. १९५६ साली येथे कृषी महाविद्यालय सुरू झाले होते. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातली खोल काळी जमीन, ज्वारीचे आणि कापसाचे विस्तीर्ण क्षेत्र, मानवत आणि सेलूच्या बाजारपेठा यांमुळे मराठवाड्याच्या शेतीचे सारे प्रश्न एका जिल्ह्यात पाहायला मिळत. तरीही शिक्षणाच्या बाबतीत हा प्रदेश फार मागे पडला होता. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण उर्दूतून होते आणि खेड्यांतल्या मराठी मुलांना ते जवळपास बंदच होते. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ साली आले. त्यानंतर चौदा वर्षांनी परभणीला दुसरे विद्यापीठ मिळाले, तेव्हा अनेक घरांतली पहिली पिढी नुकतीच शाळेबाहेर पडत होती.

विद्यापीठ स्थापन झाले मे महिन्यात, आणि त्याच वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मृतीत आजही ओली जखम होऊन राहिला आहे. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, कामावरच्या मजुरांना मिळणारी सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका आणि चाऱ्याअभावी सोडून दिलेली जनावरे हे चित्र मराठवाड्यात गावोगाव होते. वसंतरावांनी या संकटात कामे काढण्यावर भर दिला. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच काळात राज्यभर अमलात आली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते या कामांतून उभे राहिले. उपासमारीने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणावर टळले, हे या कारकिर्दीचे मोठे यश मानले जाते. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि पुढे देशपातळीवरील योजनेला तो पायाभूत ठरला.

या यशाला दुसरी बाजूही आहे. १९७४ साली मराठवाड्यात विकासाच्या प्रश्नावर विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सिंचन, रेल्वे, उद्योग आणि नोकऱ्या यांत आपल्याला डावलले गेले, ही त्यांची भावना होती. तिला आकडेवारीचा आधार नंतर मिळाला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ साली दिलेल्या अहवालात राज्यातील विकासाचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा असल्याचे दाखवून दिले. विदर्भ आणि मराठवाडा यांचा त्यात मोठा वाटा होता. वसंतरावांच्या अकरा वर्षांच्या कारभाराचे मूल्यमापन करताना हा अनुशेष वजा करून चालणार नाही. ज्याने एकरी उत्पादनाचे गणित मांडले, त्याच्या काळात प्रदेशांमधल्या दरीचे गणित मांडायचे राहून गेले.

आता विद्यापीठाकडे वळू. कृषी विद्यापीठाच्या अध्यापनाची परिणामकारकता मोजायची कशी? सर्वांत सोपा मार्ग म्हणजे निकालाची टक्केवारी. पण कृषी विद्यापीठांत सत्र पद्धती असते. जो शिकवतो, त्याचाच प्रश्नपत्रिका काढण्यात आणि तपासण्यात मोठा वाटा असतो. या पद्धतीत शिक्षक आणि विद्यार्थी जवळ येतात, हा तिचा गुण आहे. दोन विद्यापीठांच्या गुणांची तुलना फसवी ठरते, हा तिचा दोष आहे. म्हणूनच भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने देशभरासाठी समान अभ्यासक्रम आखले, अधिस्वीकृतीची पद्धत आणली आणि पदव्युत्तर प्रवेशासाठी अखिल भारतीय परीक्षा ठेवली. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्रमवारीला २०१६ साली सुरुवात झाली आणि २०२३ पासून तीत कृषी संस्थांचा स्वतंत्र गट आहे. या क्रमवारीत अध्यापन व साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, पदवीधरांच्या फलिताला २० टक्के आणि समावेशकता व लौकिक यांना प्रत्येकी १० टक्के भार देण्याचे सूत्र ठरलेले आहे.

अर्थशास्त्रज्ञांनी याहून सूक्ष्म पद्धतीही शोधल्या आहेत. १९७८ साली अमेरिकेतील चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक संस्थेत काय घातले आणि तिच्यातून काय निघाले, हे एकत्र पाहिले जाते. शिक्षक, पैसा, जमीन, येणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी ही घातलेली सामग्री. पदवीधर, संशोधन, प्रसार हे निघालेले पीक. सारख्याच सामग्रीत ज्या संस्थेचे पीक सर्वांत चांगले, तिच्याशी इतरांची तुलना करायची. शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कोरडवाहू रानातल्या ज्वारीची तुलना तो बागायतीतल्या उसाशी कधीच करीत नाही.

परभणीला हा न्याय लावला, तर चित्र बदलते. येथे येणारे अनेक विद्यार्थी कोरडवाहू शेतकऱ्यांच्या घरातून येतात आणि त्यांच्यात घरातले पहिले पदवीधर असतात. गहुलीहून नागपूरला गेलेल्या मुलाप्रमाणेच त्यांचाही आरंभबिंदू दूरचा असतो. तो हिशेबात न धरता फक्त अखेरचे गुण पाहणारे कोष्टक अशा संस्थेवर अन्याय करते. त्याच वेळी हेही मान्य करायला हवे, की मागासलेपण ही कायमची सबब होऊ शकत नाही. शिक्षकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि मग संस्थेला खालचा क्रमांक द्यायचा, हे शासनालाही शोभणारे नाही. रिक्त पदांच्या रकान्याची जबाबदारी विद्यापीठाइतकीच मंत्रालयाची आहे.

विभागांची तुलना त्याहून नाजूक असते. परभणी क्रांती हे भेंडीचे वाण १९८० च्या दशकात येथे तयार झाले. भेंडीची पाने पिवळी पाडणाऱ्या विषाणूजन्य रोगाला ते दाद देत नसे, म्हणून त्याची लागवड देशभर पसरली. वाणाचे श्रेय पैदासकाराच्या नावावर जाते. रोगाची ओळख पटवणारा विकृतिशास्त्रज्ञ, मातीचा कस तपासणारा मृदशास्त्रज्ञ आणि बियाणे गावात नेणारा विस्तारशिक्षक यांची नावे मागे राहतात. फक्त प्रसारित वाणांची संख्या मोजली, तर विस्तार विभाग नेहमीच नापास ठरेल. नांदेडच्या केंद्रात तयार झालेले एनएचएच-४४ हे कापसाचे संकरित वाण कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरले होते. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि खासगी कंपन्यांच्या बियाण्यांपुढे ते मागे पडले. त्या वर्षी त्या विभागातल्या शिकवण्याचा दर्जा अचानक घसरला होता, असे कोणी म्हणणार नाही.

संस्था बदलते, तसे आकडेही बदलतात. २००० साली नागपूरला पशुविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय त्याच्याकडे गेले. शिक्षक, विद्यार्थी, प्रबंध हे सारे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग झाले. १९९५ आणि २००५ यांची तुलना करताना ही गोष्ट विसरली, तर विद्यापीठ आकसले असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

पदवीधर पुढे काय करतात, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. कृषी पदवीधरांनी स्पर्धा परीक्षांत मोठे यश मिळवले आहे. तहसील कार्यालयांत, पोलीस दलात, बँकांत ते जागोजाग भेटतात. क्रमवारीच्या दृष्टीने हे उत्तम फलित आहे. शेतीच्या दृष्टीने ती गळती आहे काय? वसंतराव स्वतः कायदा शिकून वकिलीत फार काळ रमले नाहीत, पण त्या शिक्षणाचा उपयोग त्यांनी शेतकऱ्यासाठी केला. शेतकऱ्याचे दुःख जाणणारा तहसीलदार हेही विद्यापीठाचेच पीक मानता येईल. मात्र शेतावर परतणाऱ्याला कमी लेखणारी आणि नोकरी लागलेल्यालाच यशस्वी म्हणणारी मोजपट्टी कृषी विद्यापीठाच्या मूळ हेतूशी विसंगत आहे.

चारही कृषी विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी संयुक्त बैठकीत एकत्र येऊन आपापली वाणे, अवजारे आणि शिफारशी एकमेकांसमोर ठेवतात. तेथे प्रश्न विचारले जातात, शिफारशी परतही पाठवल्या जातात. बाहेरच्या कोणत्याही क्रमवारीपेक्षा ही समव्यवसायी तपासणी अधिक बोलकी असते. रब्बी ज्वारीचे परभणी मोती हे वाण याच वाटेने शेतकऱ्यांपर्यंत गेले. टपोरा, पांढरा, मोत्यासारखा दाणा हा त्याचा विशेष. संकरित ज्वारीच्या काळात भाकरी आणि कडबा यांबद्दल ज्या तक्रारी झाल्या होत्या, त्यांची दखल संशोधनाने उशिरा का होईना घेतली, असे म्हणता येईल.

अध्यापनाच्या बाबतीत अशी तपासणी क्वचित होते. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘रावे’साठी, खेड्यांत जातात. शेतकऱ्यांबरोबर काम करतात, माती परीक्षण आणि बीजप्रक्रिया यांची प्रात्यक्षिके दाखवतात. ते परतल्यावर त्या गावात काय उरले, हे पाच वर्षांनी कोणी पाहून आले, तर वर्गातल्या शिकवण्याचे त्याहून नेमके माप सापडणार नाही. तसेच एका तुकडीचा दहा वर्षांनी माग काढला, तर कोणत्या विभागाने कोणाला काय दिले, हे विद्यार्थीच सांगू शकतील. यासाठी मोठा खर्च लागत नाही, चिकाटी लागते.

वसंतरावांनी १९७५ साली मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांच्यानंतर मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण त्या पदावर आले. १९७७ च्या निवडणुकीत काँग्रेसची देशभर पडझड होत असताना वसंतराव वाशीमहून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा परभणीचे विद्यापीठ अवघे सात वर्षांचे होते. त्याची पहिली नामांकित वाणे यायची होती आणि मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले मोठ्या संख्येने त्याच्या वसतिगृहांत दाखल व्हायची होती. लावलेल्या झाडाचे फळ पाहणे त्यांच्या वाट्याला पुरते आले नाही.

त्यांनी स्वतःसाठी लावलेले माप अतिशय कठोर होते आणि मुदत फारच तोकडी होती. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला आज दरवर्षी नव्या मापाला सामोरे जावे लागते. ती मापे टाळण्याचे कारण नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने हिशेब दिलाच पाहिजे. फक्त त्या हिशेबात सोनपेठ-पालमच्या कोरडवाहू रानाचा, घरातल्या पहिल्या पदवीधराचा आणि रिकाम्या खुर्चीचाही रकाना असावा. दरवर्षी जुलैच्या पहिल्या दिवशी परभणीच्या परिसरात पेरण्यांची लगबग सुरू असते. त्या पेरणीत विद्यापीठाचे बियाणे किती शेतकऱ्यांच्या ओटीत आहे आणि विद्यापीठात शिकलेली किती मुले त्या बांधावर उभी आहेत, हे मोजायला कृषिदिनाइतका योग्य दिवस दुसरा नाही.